ओलं फडकं

यंदा माठ जरा उशिराच आणला. नौपाड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी माठवाला बसतो. त्याने मला लांबूनच हाक मारली, "काय बाई, नवीन फ्रिज घेतला की काय?" फ्रिज आहेच घरात, पण एप्रिल लागला की घशाला माठाचंच पाणी लागतं, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. टिचक्या मारून, कान लावून, त्याच्याशी उगाच दोन शब्द भांडून एक माठ घेतला आणि जिन्यात टेकवत टेकवत वर आणला. एक दिवस नुसताच भरून ठेवला, ते पाणी ओतून पुन्हा भरला. मग जुन्या सुती साडीचा तुकडा फाडला, भिजवला, पिळला आणि माठाच्या पोटाभोवती गुंडाळला.

इथे दरवर्षी माझा हात थांबतो. फडकं गुंडाळून झालेलं असतं, टोक खोचायचं राहिलेलं असतं, आणि मला शकूताई आठवतात. त्यांना जाऊन आता बरेच उन्हाळे झाले. त्या माझ्या ना नात्याच्या, ना गावच्या. कल्याण पूर्वेला टेकडीच्या उतारावर त्यांची एक खोली होती. एका उन्हाळ्यात आमची ओळख झाली आणि त्याच उन्हाळ्यात त्या गेल्या. तरी डोळे भरून येतात. "आई, तुम्हाला रडायला काहीही पुरतं," असं माझी सून म्हणते. म्हणू दे.

तेव्हा मी ठाण्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवत होते. आमच्याकडे विज्ञान शाखा एका इमारतीत आणि कला शाखा दुसऱ्या इमारतीत. मध्ये एक पूल होता, त्यावरून फक्त चहावाला ये-जा करायचा. त्या वर्षी कधी नव्हे ते आम्ही सगळे एका कामाला जुंपलो. पत्र्याची घरं उन्हाळ्यात किती तापतात, त्याने आत राहणाऱ्यांच्या प्रकृतीचं काय होतं, आणि छपरात थोडा बदल केला तर काही फरक पडतो का, हे बघायचं होतं. तापमानाचं काम पदार्थविज्ञानाच्या सामंत सरांकडे. प्रकृतीचं काम डॉक्टर अनघाकडे. ती एका वैद्यकीय महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्य शिकवायची, वयाने माझ्या मुलीएवढी. छपरांचं काम आर्किटेक्चरच्या मुलांकडे. आणि घरोघर जाऊन माणसांशी बोलायचं काम माझ्याकडे, कारण मी बडबडी आहे हे सर्वमान्य होतं.

पहिल्या बैठकीत अहवालावर कुणाचं नाव आधी, यावरच इतका वेळ गेला की समोसे गार झाले. कुणाची भाषा कुणाला कळेना. अनघा 'केस' म्हणायची, सामंत सर 'रीडिंग' म्हणायचे, आर्किटेक्चरवाले 'युनिट' म्हणायचे आणि मी 'घर' म्हणायचे. सगळे बोलत होतो त्या एकाच खोलीबद्दल आणि तिच्यात बसलेल्या बाईबद्दल.

प्रयोग साधा होता. पत्र्याला वरून पांढरा रंग द्यायचा आणि आतून, थोडं अंतर सोडून, बांबूच्या चटईचं दुसरं छत बांधायचं. रंग आणि चटया मोजक्याच घरांना पुरणार होत्या. म्हणून सरांनी नियम केला: आधी सगळ्या घरांचं तापमान महिनाभर नोंदवायचं, जी घरं सगळ्यात जास्त तापतील त्यांची छपरं मे महिन्याच्या सुरुवातीला करायची. बाकीची पुढच्या फेरीत. नियम चोख होता. आजही मला त्यात खोट काढता येत नाही.

शकूताईंच्या खोलीत मी पहिल्यांदा शिरले ती दुपार माझ्या अंगावर अजून आहे. बाहेरून आत गेलं की जरा बरं वाटावं, तर तिथे उलट. डोक्यावरचा पत्रा टाळूला जाणवत होता. पंखा होता, तो वरची गरम हवा खाली ढकलत होता. एका कोपऱ्यात जीन्सचा कमरेएवढा ढीग. उल्हासनगरच्या कारखान्यांतून शिवलेल्या जीन्स येत, त्यांचे लोंबणारे धागे कापून द्यायचे, हे त्यांचं काम. बोटं निळी, नखं निळी, घामाने कपाळावरही निळी पुसट रेघ. भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धाची छोटी मूर्ती. खाली मोरीजवळच्या दुसऱ्या कोनाड्यात माठ, त्याला ओलं फडकं बांधलेलं. त्या खोलीत डोळ्यांना गार वाटेल असं तेवढंच.

"या मॅडम, जयभीम. बसा की. नाय नाय, जीन्सवर बसा, फरशीपेक्षा मऊ लागेल," असं म्हणून त्यांनी मला ढिगावर बसवलं आणि स्वतः फरशीवर बसल्या. पाणी दिलं. एक पेला झाला, दुसरा दिला. त्यांनी स्वतः काही घोटभरही घेतलं नाही.

"तुम्ही नाही पीत?" मी विचारलं.

"दुपारचं नाय पीत मी."

"का हो?"

त्या हसल्या. "मॅडम, पाणी प्यायलं की खाली जावं लागतं ना. ह्या भर उन्हात एवढ्या पायऱ्या उतरा, तिथं नळाला पाणी नाय, दाराला कडी नाय. आणि परत चढा. त्यापेक्षा वैशाली संध्याकाळी येते, तेव्हा दोघी मिळून जातो. तवर काय, तोंड ओलं केलं की भागतं."

वैशाली म्हणजे त्यांची सून. डोंबिवलीच्या एमआयडीसीत पॅकिंगचं काम करायची, सकाळी जायची ती अंधार पडताना यायची. मुलगा दिवसभर रिक्षावर. दुपारभर घरात शकूताई एकट्या.

मी ते उत्तर जसंच्या तसं अनघाला सांगितलं. तिने शकूताईंना तपासलेलं होतं. चक्कर येते, लघवीला जळजळ होते, रक्तदाब कमी, जीभ कोरडी. औषध लिहून दिलं होतं आणि वर बजावलं होतं, भरपूर पाणी प्या. ती म्हणाली, "म्हणजे मी तिला पाणी प्या म्हणतेय, आणि तिचा खरा आजार पायऱ्यांच्या खाली आहे." त्या दिवसापासून आमच्या बैठकांत संडासाचा विषय निघू लागला. पदार्थविज्ञानाच्या सरांना तो जरा अवघड जायचा, पण ऐकून घेत.

तापमान नोंदवायला सरांनी काडेपेटीएवढ्या पांढऱ्या डब्या आणल्या होत्या. भिंतीवर डोक्याच्या उंचीवर खिळ्याला टांगायची, चुलीपासून लांब, पंख्यापासून लांब. ती आपली आपण नोंद करत राहते. वस्तीत सगळे तिला 'मशीन' म्हणत. आमची एक विद्यार्थिनी शकूताईंच्या भिंतीवर ती टांगत होती. निघताना सगळेच बोलतो तसं ती बोलली, "मावशी, काळजी घ्या हं, कॉलेजचं आहे."

"घेते ना बाळा," शकूताई म्हणाल्या. "तुमची वस्तू म्हणजे आमच्या घरची पाहुणी."

मला ते वाक्य फार आवडलं होतं. घरी येऊन सांगितलंसुद्धा सगळ्यांना.

एप्रिल तापत गेला. वर्तकनगरच्या माझ्या बहिणीच्या घरात एसीचा आवाज दिवसभर चालू असायचा. ती म्हणायची, "कशाला त्या टेकडीवर मरायला जातेस गं?" मी जात होते. खरं सांगायचं तर मला शकूताईंकडे जायला आवडायचं. त्यांना गप्पा मारायला कुणीतरी हवं होतं आणि मला ऐकायला. धागे कापता कापता त्या बोलायच्या. कोणती जीन्स कुठल्या दुकानात जाणार, कोणती पँट मुद्दाम फाडलेली आहे आणि लोक ती जास्त पैसे देऊन घेतात, याचं त्यांना भारी हसू यायचं. "आमच्या लहानपणी आम्ही पण हीच फॅशन करायचो, मॅडम. कोणी नावाजलं नाय तेवढं." एकदा त्यांनी छताकडे बोट करून विचारलं, "ते पांढरं छप्पर होईल ना ओ आपलं? वैशालीला बाळ राहिलं तर ह्या भट्टीत कसं राहायचं त्यानं? माझं काय, माझं अंग झालंय जुनं भांडं."

"होईल," मी म्हणाले. कारण माझी खात्री होती. त्या खोलीत बसून कुणाचीही झाली असती.

मग नोंदी आल्या. सामंत सरांनी सगळ्या घरांचे आलेख भिंतीवर लावले. शकूताईंचं घर सगळ्यात थंड घरांत निघालं.

अनघा म्हणाली, "शक्यच नाही."

सर म्हणाले, "मलाही पटत नाही. डबी बिघडली असेल." आणि त्यांनी स्वतः जाऊन नवी डबी लावली. माणूस असा, की आकड्यावर शंका आली तर डोंबिवलीच्या आपल्या घरून रिक्षा करून टेकडी चढेल, पण आकडा बदलणार नाही. नव्या डबीनेही तेच सांगितलं. मग आम्ही सगळे शहाणे कारणं शोधत बसलो. मागे चिंचेचं झाड आहे, त्याची सावली असेल. उतारावर वारा लागत असेल. कुणीतरी पत्र्याच्या जाडीबद्दलही बोललं.

"सर, घर थंड असेल हो, पण बाई तापलेली आहे," अनघाचा आवाज चढला होता. "मी तपासलंय तिला."

"डॉक्टर, मला तुमचं म्हणणं खोटं वाटत नाही. पण एका घरासाठी नियम मोडला तर उद्या ह्या सगळ्या कामाला कोण खरं म्हणेल? पुढच्या फेरीत त्यांचं पहिलं नाव घालू. मी लिहून ठेवतो."

तेही बरोबर होतं. त्या खोलीत त्या दिवशी सगळेच बरोबर होते.

मे महिन्यात वस्तीतल्या मोजक्या छपरांवर पांढरा रंग चढला. टेकडीखालून बघितलं तर ती तेवढीच घरं उठून दिसायची. शकूताईंनी विचारलं, "आपलं राहिलं का?" मी म्हटलं, पुढच्या फेरीत नक्की. त्या म्हणाल्या, "असू दे. त्यांना जास्त गरज असंल." पुढे त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही.

त्याच महिन्यात एका संध्याकाळी वैशालीचा फोन आला. कामावरून आली तर शकूताई जीन्सच्या ढिगावर पडलेल्या. हाक मारली तर ओळख नाही, अंग चटके बसावेत इतकं तापलेलं, आणि घाम मात्र नाही. रिक्षात घालून मुलाने दवाखान्यात नेलं. अनघा ठाण्याहून धावत गेली, माजिवड्याच्या पुलाखाली वाहतुकीत अडकली तेव्हा तिने मला फोन केला आणि नुसती रडत राहिली. शकूताई शुद्धीवर आल्याच नाहीत.

घरातले सगळे त्यांना घेऊन गावी गेले, नगरच्या बाजूला. पुढचे विधी तिथेच झाले. खोलीला कुलूप होतं. ते परत आल्यावर मी आणि सामंत सर भेटायला गेलो. जीन्सचा ढीग कारखान्याचा माणूस उचलून घेऊन गेला होता. कोपरा रिकामा होता, आणि त्या कोपऱ्यातली फरशी बाकीच्या फरशीपेक्षा निळी होती. भिंतीवर खिळा होता. डबी नव्हती.

"मशीन खाली हाय," वैशाली म्हणाली, आणि मोरीजवळच्या कोनाड्याकडे गेली.

माठ कोरडा पडला होता. त्याला टेकून एक पुरचुंडी होती. फडकं वाळून कडक झालेलं. वैशालीने ते सोडलं. आत प्लास्टिकची पिशवी, नीट गाठ मारलेली, आणि पिशवीत सरांची पांढरी डबी.

"आई तिकडंच ठेवायच्या," ती सांगत होती. "म्हणायच्या, वर पत्र्याखाली नुसती तापते बिचारी, बिघडली तर कॉलेजवाले काय म्हणतील. पाण्यानं खराब नको व्हायला म्हणून पिशवीत घालायच्या. दुपारचं दोन-चारदा उठून फडकं ओलं करायच्या, माठाचं पण आणि हिचं पण. तुमचा येण्याचा मेसेज आला की परत खिळ्याला लावायच्या. मी म्हटलं पण, आई, असू द्या ना वर. तर म्हणे, अगं, त्यांनी काळजी घ्या म्हणून सांगितलंय."

सामंत सर भिंतीला हात लावून उभे राहिले. मला वाटलं त्यांना चक्कर आली. मी त्यांना बसा म्हटलं, पण बसायला जीन्स नव्हत्या.

डबीतली नोंद त्यांनी नंतर काढली. कॉलेजात, प्रयोगशाळेत, आम्ही तिघंच होतो. कागदावर एक रेघ आली. दुपारी ती हळूहळू वर चढे आणि मध्येच खाली येई. पुन्हा चढे, पुन्हा खाली येई. ज्या ज्या वेळी त्या कामावरून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून मोरीपर्यंत गेल्या, माठातून तांब्याभर पाणी काढून फडक्यावर शिंपडलं, त्या त्या वेळी रेघ वाकलेली होती. स्वतः पीत नव्हत्या ते पाणी तिथे होतं. त्यांचा हात मला त्या कागदावर दिसत होता. रोज तसंच, न चुकता. आणि मग एका दुपारनंतर रेघ वाकायची थांबली. ती चढत गेली. दुसऱ्या दिवशी आणखी वर, तिसऱ्या दिवशी आणखी. बाकीच्या सगळ्या घरांच्या वर.

अनघाने खिडकीकडे तोंड फिरवलं. मी सरांना म्हटलं, "हे तरी धरा. हे तर खरं आहे ना?"

"नाही धरता येणार," सर म्हणाले. "घर बंद होतं. बंद घर जास्त तापतं. उघड्या घरांशी त्याची तुलना होत नाही." एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला रुमाल सापडेना म्हणून सदऱ्याचं टोक घेतलं. बराच वेळ ते पुसत राहिले.

अहवालात ते घर नाही. आधीची नोंद चुकीची म्हणून गाळली, नंतरची तुलनेला बसत नाही म्हणून गाळली. मी तेव्हा सरांशी आठवडाभर बोलले नाही. आता वाटतं, तो माणूसच बरोबर होता. कारण त्या चोख आकड्यांवरच पुढचं सगळं उभं राहिलं. पांढऱ्या छपरांखालची घरं खरोखर कमी तापली होती, हे कुणाला खोडता आलं नाही. अनघाने प्रकृतीच्या नोंदी जोडल्या, मी बायकांची पाणी न पिण्याची उत्तरं जोडली, आर्किटेक्चरच्या मुलांनी खालच्या संडासाचा नकाशा काढला. एकेकट्याने गेलो असतो तर महापालिकेतल्या साहेबांनी चहा पाजून घालवलं असतं. सगळे मिळून गेलो तेव्हा त्यांना ऐकावं लागलं. पुढच्या वर्षी आणखी छपरं झाली. शकूताईंचं पहिलं. खाली नळाला पाणी आलं, दारांना कड्या आल्या, उतारावर मध्ये सावलीची शेड झाली. लोक मला विचारतात, एवढे कागद काळे करून होतं काय? होतं. उशिरा होतं. उन्हाळा तेवढा थांबायला तयार नसतो, एवढंच दुःख आहे, आणि ते काही कमी होत नाही.

सामंत सरांनी आणखी एक केलं. डबीबरोबर घराघरांत जो सूचनांचा कागद देतात, त्यातलं 'यंत्राची काळजी घ्यावी' हे वाक्य खोडून त्यांनी नवं लिहिलं: 'हे तापायलाच आणलं आहे. याची काळजी घेऊ नका, स्वतःची घ्या.' अशी भाषा शास्त्रीय कागदात बसत नाही, असं कुणीतरी त्यांना म्हणालं. सर म्हणाले, बसवा.

गेल्या आठवड्यात अनघाचा फोन आला. आता ती तिच्या विभागाची प्रमुख आहे. घरी बसून काम करणाऱ्या बायकांसाठी नवा अभ्यास सुरू केलाय, चला म्हणाली. मी आता निवृत्त, गुडघे कुरकुरतात, पण गेले. छत्री घेऊन हळूहळू पायऱ्या चढले. वैशालीची एमआयडीसीतली नोकरी केव्हाच सुटली. पदरात लहान मूल आहे, म्हणून तीही आता घरीच धागे कापते. कोपऱ्यात तसाच ढीग. छप्पर पांढरं आहे, चटईचं छत आहे. घराचं काही महाबळेश्वर झालेलं नाही, पण टाळूला पत्रा जाणवत नाही. चटईखाली मूल शांत झोपलं होतं. त्याच्याकडे बघून मला 'होईल ना ओ आपलं' ऐकू आलं आणि मी घाईने पाणी मागितलं.

त्याच खिळ्यावर एका विद्यार्थिनीने नवी डबी टांगली आणि सरांचं वाक्य पाठ म्हणून दाखवलं. वैशाली ऐकत होती. "माहित्ये मला," ती हळूच म्हणाली.

चहा झाला, आम्ही निघालो. शेडपर्यंत उतरल्यावर लक्षात आलं, छत्री वरच राहिली. मी एकटीच परत चढले. दार उघडं होतं, वैशालीची पाठ माझ्याकडे होती. ती मोरीजवळ फडकं भिजवत होती. तिने ते माठाला गुंडाळलं, टोक खोचलं. हातात आणखी एक ओला तुकडा उरला होता. तो घेऊन ती उभी राहिली आणि मान वर करून खिळ्यावरच्या डबीकडे बघू लागली. हाक मारावी असं मनात आलं, पण मी दाराची चौकट धरून बघत राहिले.

थोड्या वेळाने तिने तो तुकडा स्वतःच्या मानेभोवती गुंडाळला. माठातून पेलाभर पाणी घेतलं, सगळं प्यायली, आणि ढिगाजवळ बसून धागे कापायला लागली.

मी छत्री न मागताच पायऱ्या उतरले.